ग्रंथालयाचा संसार

घर बांधणें सोपें, घर चालविणें कठीण, ही गोष्ट एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास सांगावयास नको. वास्तुशांतीच्या दिवशीं पाहुण्यांची दाटी असते, अहेर येतात, छायाचित्रें निघतात. पुढें वर्षाचें धान्य भरून ठेवणें, ऊन पडलें कीं वाळवणें घालणें, गळकें छप्पर पावसापूर्वीं पाहून घेणें, हीं कामें कोण करतें हें कोणी विचारीत नाहीं. तरी घर टिकतें तें याच कामांवर. विद्यापीठाचें ग्रंथालय हेंहि असेंच एक मोठें घर आहे. त्याची कोनशिला आपण वाचतों. त्याचा वर्षाचा खर्च कसा भागतो, हें मात्र शिकलेल्या घरांतहि फारसें कोणास ठाऊक नसतें. त्या संसाराचा थोडासा हिशेब येथें मांडावा, असा आमचा विचार आहे.

या विषयाचा आपल्या घराशीं संबंध नाहीं, असें कोणी म्हणूं नये. आम्ही राहतों त्या रहाटणींतून औंधमार्गें निघालें म्हणजे आठ-दहा किलोमीटरांवर गणेशखिंड लागते, आणि तेथें सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठाचें जयकर ग्रंथालय आहे. पवनेच्या खोऱ्यांतलें हें एके काळचें लहानसें गांव. आज येथें इमारतींची दाटी झाली असून, पुण्याच्या पेठांतले वाडे सोडून आलेलीं कुटुंबेंहि या इमारतींतून राहतात. वाडा सोडतांना पाट, तांब्याचा बंब, देव्हारा हीं जशीं बरोबर आलीं, तशींच आजोबांचीं पुस्तकेंहि आलीं. तीन-चार खोल्यांच्या घरांत तीं कोठें ठेवावीं, असा प्रश्न उभा राहतो. अखेरीस घरांतील कोणी वडीलधारें म्हणतें, "विद्यापीठाला देऊन टाका. तेथें त्यांचें चीज होईल." हेतु चांगलाच असतो. परंतु तें चीज व्हावयास काय लागतें, याची कल्पना न घेतां दिलेलें दान घेणाऱ्यास जड जातें.

इमारतीचें दान आणि नित्याचा खर्च

प्रथम मुंबईचें उदाहरण घेऊं. १८६४ सालीं प्रेमचंद रायचंद या नामांकित व्यापाऱ्यानें मुंबई विद्यापीठास ग्रंथालयाच्या इमारतीसाठीं दोन लाख रुपये दिले, आणि मागाहून मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचें नांव मिळालें. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं हिंदुस्थानांत पाऊल न ठेवतां त्याचे आराखडे काढले, आणि १८७८ सालीं सुमारें २८० फूट उंचीचा तो मनोरा पुरा झाला. मध्यंतरीं १८६५ सालीं कापसाच्या तेजीचा बाजार कोसळून खुद्द प्रेमचंदांवरच संकट कोसळलें होतें. उदार माणसाच्या भरभराटीच्या वर्षीं इमारत उभी राहूं शकते. इमारतींतलीं पुस्तकें मात्र दर वर्षीं घ्यावीं लागतात, आणि भरभराट दर वर्षीं येत नसते.

पुण्याची हकीकत निराळी आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें. डॉ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरु. मुंबईच्या गव्हर्नरांचें गणेशखिंडीचें निवासस्थान आणि भोंवतालची सुमारें ४११ एकर जागा विद्यापीठास मिळाली. १९५० सालीं ग्रंथालयाचा आरंभ झाला, आणि त्यास जयकरांचेंच नांव देण्यांत आलें. वास्तु व जमीन आयती मिळाली. कपाटें मात्र भरावयाचीं होतीं. ज्या शहरांत डेक्कन कॉलेज, भांडारकर संस्था, गोखले अर्थशास्त्र संस्था यांचे संग्रह आधींपासून नांवाजलेले होते, तेथें नव्या ग्रंथालयास आपला संसार मांडावयाचा होता.

त्या काळांत आपल्या देशांतील विद्यापीठांस एक अनपेक्षित साहाय्य झालें. १९५१ सालीं अमेरिकेनें भारतास गहूं घेण्यासाठीं १९ कोटि डॉलरांचें कर्ज दिलें, आणि त्याच्या व्याजापैकीं ५० लाख डॉलर भारतीय विद्यापीठांसाठीं ग्रंथ, शास्त्रीय उपकरणें व विद्वानांची देवाणघेवाण यांकडे लावण्याचें ठरलें. पोटासाठीं घेतलेल्या कर्जाचें व्याज ग्रंथरूपानें परत आलें, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. साहाय्य मोलाचें खरें, पण तें कांहीं काळापुरतें होतें. एखाद्या नियतकालिकाचे दहा खंड असल्या अनुदानांतून आले, तर अकरावा खंड कोणाच्या पैशानें घ्यावयाचा, हा प्रश्न अनुदान संपतांच दारांत येऊन उभा राहतो. नऊ खंड असून दहावा नसलेला संच अभ्यासकास किती उपयोगी पडतो, हें ज्यानें तो धुंडाळला असेल त्यासच विचारावें.

पुढें ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें. एका डॉलरास ४ रुपये ७६ पैसे पडत, तेथें ७ रुपये ५० पैसे पडूं लागले. शंभर डॉलर वर्गणीचें एखादें शास्त्रीय नियतकालिक आदल्या दिवशीं ४७६ रुपयांचें होतें, तें दुसऱ्या दिवशीं ७५० रुपयांचें झालें. ग्रंथालयाची तरतूद कांहीं एका रात्रींत वाढत नाहीं. अशा वेळीं ग्रंथपालानें काय करावें? नियतकालिकाची वर्गणी तोडली तर संच कायमचा खंडित होतो. नवीं पुस्तकें घेणें थांबविलें तर त्याची वाच्यता लगेच होत नाहीं. म्हणून बहुधा पुस्तकांवरच कात्री चालते, आणि पांच-सात वर्षांनीं कपाट पाहणारास मधलीं वर्षें ओसाड दिसतात.

राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयाची जमेची बाजू साधारणतः अशी असते: मंजूर पदांचे पगार राज्य सरकारकडून, विद्यापीठाचा स्वतःचा निधि, त्यांत विद्यार्थ्यांचें शुल्क, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचें साहाय्य. हें शेवटचें साहाय्य पुष्कळ वर्षें पंचवार्षिक योजनांच्या चौकटींत येत असे. ती चौकटच बारावी योजना २०१७ सालीं संपल्यावर बंद झाली. खर्चाच्या बाजूस पुस्तकें आणि नियतकालिकें हीं ठळक कलमें सर्वांस दिसतात. बांधणी, कीटकनाशन, वीज, संगणक, अग्निशामक व्यवस्था, गळती काढणें हीं कलमें लहान. आणि पैसा कमी पडला कीं प्रथम यांचाच बळी जातो. निवृत्त झालेल्या माणसांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहींत, ही तर आपल्या विद्यापीठांची जुनी तक्रार आहे.

एक पुस्तक आंत येतें तेव्हां

आतां दानाकडे वळूं. घरांतून गेलेलें पुस्तक वाचकाच्या हातीं पडण्यापूर्वीं त्यावर किती संस्कार होतात पाहा. प्रथम तें आपल्याकडे आहे कीं नाहीं हें ताडून पाहावें लागतें. मग त्याची स्थिति तपासणें, वाळवी अगर कसर असल्यास तें वेगळें ठेवणें, दाखल नोंदवहींत क्रमांक देणें, विषयानुसार वर्गीकरण करणें, सूचींत नोंद करणें, शिक्के व चिठ्ठ्या लावणें, पाठ सुटली असल्यास बांधणीस पाठविणें. इतकें झाल्यावर तें कपाटांत जातें. हें सर्व जाणत्या माणसानें करावयाचें असतें, आणि त्या माणसाचा वेळ फुकट नसतो. दान फुकट आलें तरी त्याचा संसार फुकट होत नाहीं.

जागेचा हिशेब तर घरच्या घरींहि करतां येईल. पुस्तकाची सरासरी जाडी तीन सेंटिमीटर धरली, तर एका मीटरांत तेहतीस पुस्तकें बसतात. नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या, पांच खणांच्या कपाटांत सुमारें दीडशें राहिलीं. म्हणजे एका घरांतून हजार पुस्तकें आलीं, तर जवळजवळ सात कपाटें पाहिजेत. अशीं दहा घरें उदार झालीं तर सत्तर कपाटें, आणि सत्तर कपाटांस एक मोठें दालन हवें. त्यांतहि गंमत अशी कीं, आपण सर्वांनीं सारख्याच आवडीनें वाचलें आहे. लोकमान्यांचें गीतारहस्य, डॉ. केतकरांचा ज्ञानकोश, नेहमींच्या कादंबऱ्या, नाटकें आणि शालेय पुस्तकें या घरांत आहेत, तींच शेजारच्या घरांतहि आहेत, आणि ग्रंथालयांतहि त्यांच्या प्रती आहेत. ग्रंथालयानें त्या नाकारल्या म्हणजे आपण रागावतों. पण दिवाळींत पांच घरांकडून एकाच वेळीं आलेलें अनारशांचें ताट गृहिणीस कसें वाटतें, याचा विचार केला तर राग राहणार नाहीं.

जागेवर दुसराहि हक्क आहे. विद्यार्थ्यांस शांत अभ्यासिका हवी आहे. खोलीवर तिघे-चौघे मिळून राहणारीं, खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें-मुली ग्रंथालयांतील एका टेबलासाठीं सकाळपासून येऊन बसतात. त्यांना पुस्तकापेक्षां दिवा, पंखा, पाणी आणि निवांतपणा यांचीच गरज अधिक असते. कपाट वाढवावें कीं बाक वाढवावा, असा पेंच ग्रंथपालासमोर असतो, आणि दोन्ही बाजूंचें म्हणणें खरें असतें.

कुलूप कीं वाचक?

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांतील पहिल्याचा आशय असा कीं, पुस्तकें वापरण्याकरितां असतात. हें तर उघडच आहे, असें वाचकांस वाटेल. परंतु आपल्याकडील जमाखर्चाची पद्धति याच्या उलट शिकविते. तींत पुस्तक म्हणजे टेबल-खुर्चीप्रमाणें मोजून घ्यावयाची मालमत्ता. पडताळणींत एक कमी भरलें कीं भरपाई अंगावर येईल या धास्तीनें जुने ग्रंथपाल कपाटांस कुलूप लावीत. पुस्तकें सुरक्षित राहत. वाचक बाहेर राहत.

यांत कांहीं सुधारणा झाली आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत असें आहे कीं, वर्षभरांत वाचकांच्या हातीं गेलेल्या दर हजार पुस्तकांमागें पांच गहाळ झालीं, तर, अप्रामाणिकपणा अगर हयगय नसल्यास, ती हानि वाजवी समजावी. वीस हजारांपर्यंत पुस्तकें असल्यास दर वर्षीं पूर्ण पडताळणी, वीस ते पन्नास हजारांस तीन वर्षांतून एकदां, आणि पन्नास हजारांवर तीन वर्षांतून एकदां नमुन्यादाखल, असाहि दंडक आहे. नियम केंद्राच्या कचेऱ्यांसाठीं असला तरी त्यांतील व्यवहारज्ञान सर्वत्र लागू पडतें. रोज पंगत उठते त्या घरांत वर्षाकाठीं चार वाट्या हरवतात. म्हणून कोणी पाहुण्यांस पानावर बसवण्याचें सोडीत नाहीं.

रंगनाथनांचें पांचवें सूत्र ग्रंथालयास वाढता जीव मानतें. वाढत्या जीवानें कांहीं टाकलेंहि पाहिजे. कालबाह्य झालेलें कायद्याचें पाठ्यपुस्तक, संगणकाच्या जुन्या आज्ञावलीचें मार्गदर्शक, एकाच पाठ्यपुस्तकाच्या चाळीस प्रती, यांचें निर्लेखन करणें म्हणजे विद्येचा अवमान नव्हे. पुस्तकास पाय लागला तर नमस्कार करणारे आपण. पुस्तक काढून टाकणें आपल्यास रुचत नाहीं. हा संस्कार चांगला आहे. परंतु तो एकाच नाटकाच्या सातव्या प्रतीचें रक्षण करतो, आणि दुसऱ्या कपाटांत झिजून चाललेल्या एकमेव प्रतीकडे त्याचें लक्ष जात नाहीं, ही त्यांतली उणीव आहे.

भाड्यानें घेतलेलें ज्ञान

गेल्या पंचवीस वर्षांत या संसारांत फार मोठा फेर पडला. शास्त्रीय नियतकालिकें कागदावर येईनाशीं झालीं; तीं संगणकाच्या पडद्यावर येऊं लागलीं. पूर्वीं वर्गणी बंद झाली तरी जुने अंक कपाटांत राहत. आतां पुष्कळदां वर्गणी थांबली कीं दारच बंद होतें. घर विकत घेणें व भाड्यानें राहणें यांत जें अंतर, तेंच येथें आहे. आणि घरमालक परदेशांत बसून दर वर्षीं भाडें वाढवितो. एकट्या विद्यापीठानें त्याच्याशीं घासाघीस करणें कठीण, म्हणून विद्यापीठांनीं मिळून वर्गणी भरण्याची पद्धति आली.

याच मार्गावरचें मोठें पाऊल म्हणजे 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला मान्यता दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये, सुमारें तीस प्रकाशक, जवळजवळ तेरा हजार नियतकालिकें आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण-संशोधन संस्था, असा तिचा व्याप आहे. सरकारी महाविद्यालयांतील संशोधकास मुंबई-दिल्लीच्या संशोधकाप्रमाणेंच लेख वाचतां यावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. तरीहि सरासरीनें वर्षास दोन हजार कोटि रुपयांचें हें भाडें आहे. मुदत संपतांना पुन्हां करार करावा लागेल, आणि राष्ट्रानें भरलेल्या या वर्गणीकडे बोट दाखवून विद्यापीठानें आपल्या ग्रंथालयाची तरतूद आटवली, तर मिळविलेलें एका हातानें जाईल.

आमच्या मतें येथेंच खरी दिशा सांपडते. परदेशचें ज्ञान जर राष्ट्र मिळून भाड्यानें घेत असेल, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयानें आपला पैसा आणि आपलीं माणसें अशा वस्तूंकडे लावावीं कीं ज्या कोणत्याहि प्रकाशकाच्या यादींत नाहींत. पुणें, अहिल्यानगर आणि नाशिक हे या विद्यापीठाचे जिल्हे. येथील गांवांचा, कारखान्यांचा, शाळांचा, घराण्यांचा लेखी पुरावा जगांतील दुसरें कोणतें ग्रंथालय जपणार आहे?

बाजारांत न मिळणारें

लांकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदांत आम्ल असतें, आणि त्यामुळें शंभर वर्षांपूर्वींचीं मासिकें व वर्तमानपत्रें आज हातांत घेतांच पापडासारखीं तुटतात. जुने प्रबंध टंकलिखित असून त्यांच्या एक-दोनच प्रती असतात. २००९ च्या नियमांपासून नवे प्रबंध संगणकीय स्वरूपांत देणें आवश्यक झालें, आणि ते 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहांत कोणासहि वाचतां येतात. त्यापूर्वींच्या प्रबंधांचीं प्रकाशचित्रें मात्र कोणीतरी बसून, एकेक पान उलटून घ्यावीं लागतात. हें काम उद्घाटनाच्या फितीनें होत नाहीं. त्यास वर्षानुवर्षें एका जागीं बसणारा माणूस लागतो.

असा माणूस पुण्यानें पाहिला आहे. १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें, सर रामकृष्णपंत भांडारकरांनीं आपला ग्रंथसंग्रह त्यास दिला, आणि १९१८ सालीं डेक्कन कॉलेजांतील सरकारी हस्तलिखितें तेथें आलीं. १९१९ सालीं परशुराम कृष्ण गोडे त्यांचे अभिरक्षक झाले, आणि १९६१ सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं आपलें आयुष्य त्या संग्रहाच्या सेवेंत घालविलें. भांडारकरांचें दान सर्वांस ठाऊक आहे. गोड्यांनीं दिलेल्या चाळीस वर्षांवांचून त्या पोथ्यांतील किती मजकूर जगास कळला असता, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

आतां आपल्या घरांत पाहा. ज्ञानकोशाची आणखी एक प्रत ग्रंथालयास नको आहे. पण माळ्यावरच्या ट्रंकेंत पणजोबांची जमाखर्चाची वही असेल. आजीनें लिहिलेली औषधांची आणि पाककृतींची वही असेल. बंद पडलेल्या मासिकाचे अंक असतील. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, आणि पुढें या सर्व पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. तेथें नोकरी केलेल्यांच्या घरीं कारखान्याच्या गृहपत्रिका, कामगार संघांचीं पत्रकें, वसाहतीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका सांपडतील. रद्दीवाला यांस किलोचा भाव देतो. पण शेतांचीं गांवें कारखान्यांचीं कशीं झालीं, हें शोधणाऱ्या उद्यांच्या विद्यार्थ्यास याच कागदांचा आधार आहे.

देतांना मात्र रीत पाळावी. पुस्तकें टेंपोंत भरून दारांत नेण्यापूर्वीं यादी करावी: ग्रंथाचें नांव, लेखक, प्रकाशनवर्ष आणि स्थिति. ती ग्रंथालयास पाठवून काय हवें तें त्यांस निवडूं द्यावें. उरलेलीं पुस्तकें गांवच्या वाचनालयास, शाळेस, वसतिगृहास उपयोगी पडतील. घराण्याचे कागद सर्व भावंडांचे असतात. म्हणून सर्वांची लेखी संमति घ्यावी, आणि खाजगी पत्रें असल्यास तीं अमुक वर्षें खुलीं करूं नयेत अशी अट अगोदरच ठरवावी. 'आमच्या नांवाचें वेगळें दालन' ही अट मात्र घालूं नये. विषयाप्रमाणें लावलेलें पुस्तकच वाचकास सांपडतें, आणि दात्याचें नांव पुस्तकाच्या आंतल्या चिठ्ठीवरहि राहतें.

शक्य असेल त्या घरानें पुस्तकांबरोबर थोडी ठेवहि द्यावी. भावंडांनीं मिळून एक लाख रुपये ठेवले आणि सात टक्के व्याज धरलें, तर वर्षास सात हजार रुपये होतात. तेवढ्यांत दर वर्षीं कांहीं जीर्ण ग्रंथांची बांधणी निश्चित होईल. खुद्द रंगनाथनांनीं आपल्या आयुष्याची एक लाख रुपयांची बचत मद्रास विद्यापीठास दिली, ती ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठीं, आणि त्यास पत्नी शारदा यांचेंहि नांव जोडलें. ज्यानें जन्मभर पुस्तकांची चिंता वाहिली, त्यानें दान करतांना अक्षय्य चालणारा खर्च निवडला, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

विद्यापीठाकडूनहि एक अपेक्षा आहे. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानें ग्रंथालयास 'ज्ञानस्रोत केंद्र' हें नवें नांव दिलें. नांवाबरोबर दर वर्षींच्या अंदाजपत्रकांत बांधणी, जतन आणि सूचीकरण यांसाठीं स्वतंत्र कलम असावें, तें दुसरीकडे वळवितां येऊं नये, आणि वर्षअखेर किती ग्रंथ दुरुस्त झाले, किती पानांचीं प्रकाशचित्रें निघालीं, हें प्रसिद्ध व्हावें. ज्या कलमाचा हिशेब छापला जातो, त्यावर सहसा कात्री चालत नाहीं.

येत्या पावसाळ्यापूर्वीं माळे साफ होतील तेव्हां ट्रंका उघडाव्यात, कागद उन्हाच्या तिरिपेंत न ठेवतां सावलींत वाऱ्यास ठेवावे, आणि घरांतील लिहित्या-वाचत्या मुलांकडून एक यादी करून घ्यावी, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे. यादी करतां करतां त्यांना आपल्या पणजोबांचें अक्षर तरी पाहावयास मिळेल.